झरणीची निगा आणि शाईची निवड

१. प्रास्ताविक

शाळेच्या दप्तरातील दाखलखारीज नोंदवही ही शाळेतील सर्वांत दीर्घायुषी वस्तू होय. फळे बदलतात, बाके मोडतात, प्रसंगी इमारतही नवी होते; परंतु पन्नास-साठ वर्षांपूर्वी नोंदविलेली जन्मतारीख, नाव वा जात पाहण्यासाठी आजही गावातील माणसे शाळेच्या दारी येतात. आज पुष्कळशी माहिती संगणकावर भरली जात असली, तरी जुन्या काळच्या नोंदीचा मूळ आधार म्हणजे हाताने लिहिलेले ते पानच असते. अशा पानावर पावसाळ्यात कौलांतून पाणी ठिबकले, तर एखाद्या पानावरील अक्षर जसेच्या तसे राहते आणि एखाद्या पानावर केवळ निळसर डाग उरतो. हा फरक लिहिणाराच्या अक्षराचा नव्हे, शाईचा आहे.

येथे एक अडचण उद्भवते. पाण्याला दाद न देणारी शाई बहुधा झरणीला जाचक ठरते. ती लवकर साचते आणि कधी कधी पोलादी निबाला गंजविते. जी शाई झरणीला सौम्य, ती कागदावर अल्पजीवी. म्हणून टिकाऊ लेखन हवे असेल, तर झरणीची नियमित निगा राखणे हे ओघानेच आले. ही निगा कशी राखावी, तिच्यामागील कारणे कोणती आणि ती विद्यार्थ्यांना कशी शिकवावी, याचा विचार या लेखात केला आहे.

२. झरणीची रचना व कार्य

झरणीचे मुख्य भाग पाच : शाई साठविण्याची नळी, बोटांनी धरावयाची मान, निब, निबाखालील जीभ आणि टोपण. यांपैकी जिभेकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः झरणीचे सारे कार्य तिच्यावर अवलंबून असते.

पाण्याने भरलेली अरुंद तोंडाची बाटली उपडी केली असता पाणी एकसारखे पडत नाही. ते गुडगुड आवाज करीत थांबून थांबून पडते. आत हवा शिरल्याशिवाय पाणी बाहेर येऊ शकत नाही, हे त्याचे कारण. झरणीतही तसेच घडते. जेवढी शाई बाहेर जाते, तेवढी हवा आत यावी लागते. न्यूयॉर्क येथील लुई एडसन वॉटरमन यांनी १८८४ मध्ये ज्या झरणीचे पेटंट मिळविले, तिच्या जिभेतील बारीक खाचांमुळे शाईचे बाहेर जाणे व हवेचे आत येणे एकाच वेळी आणि बेताने होऊ लागले. आजच्या झरण्याही याच तत्त्वावर चालतात.

जिभेतील खाचांतून शाई निबाच्या चिरेत येते व तेथून कागदावर उतरते, ती केशाकर्षणाने. दिव्याच्या वातीत तेल चढते किंवा टीपकागद शाई शोषून घेतो, ते ज्या नियमाने, त्याच नियमाने. वाट जितकी अरुंद, तितके हे आकर्षण अधिक. अर्थात ही वाट वाळलेल्या शाईने किंवा कागदाच्या तंतूंनी बुजली, की झरणी अडते. झरणीचे बहुतेक विकार या एका गोष्टीत सामावलेले आहेत.

३. शाईची निवड

शाईचे तीन प्रकार शिक्षकांनी ओळखावेत.

(अ) धुऊन जाणारी निळी शाई. हिच्यात पाण्यात विरघळणारा रंग असतो. ती झरणीत सहसा साचत नाही व कपड्यावरील डागही बहुधा निघतो. विद्यार्थ्यांच्या वह्यांसाठी ती उत्तम. नोंदवहीसाठी मात्र अयोग्य, कारण ती पाण्याने पसरते व उन्हाने विटते.

(आ) लोहयुक्त निळी-काळी शाई. आपल्याकडे पूर्वी हिरडा व हिराकस यांपासून काळी शाई करीत. हिरड्यातील किंवा माजूफळातील टॅनिन आणि हिराकशीतील लोह यांच्या संयोगाने झालेला पदार्थ आरंभी फिका असतो. कागदावर हवा लागली म्हणजे तो काळा व पाण्यात न विरघळणारा होतो. लिहिताना अक्षर दिसावे म्हणून अशा शाईत निळा रंग मिसळतात. यामुळेच नवे अक्षर निळे व जुने अक्षर काळे दिसते. ही शाई आम्लधर्मी असल्याने पोलादी निब फार दिवस तिच्यात राहू देऊ नये.

(इ) चित्रकलेची काळी शाई. हिच्यात काजळीसारखे घन कण असतात व पुष्कळदा लाखेसारखे बंधकही असते. ती टाकाने वा कुंचल्याने वापरण्यासाठी आहे. झरणीत ती भरल्यास जीभ कायमची बुजण्याचा संभव असतो. शिक्क्याची शाई आणि घरी केलेली गाळ बसणारी शाई यांनाही हाच नियम लागू आहे.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. बाटलीवर ‘निळी-काळी’ असे छापले असले, तरी आतील शाई लोहयुक्त असेलच असे नाही. ती केवळ रंगाची असू शकते. म्हणून नोंदवहीसाठी शाई घेताना नावावर न विसंबता परीक्षा करावी. कागदावर दोन ओळी लिहून एक दिवस वाळू द्याव्यात. पहिल्या ओळीवर पाण्याचा थेंब टाकून काही मिनिटांनी टिपून घ्यावा. दुसऱ्या ओळीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून कागद आठवडाभर उन्हात ठेवावा. जी शाई या दोन्ही परीक्षांत टिकेल, तिचा विचार नोंदवहीसाठी करावा.

दोन भिन्न शाया कधीही एकत्र करू नयेत. त्यांतील द्रव्यांचा परस्परांशी संयोग होऊन गाळ बसू शकतो. शाई बदलण्यापूर्वी झरणी धुणे अवश्य आहे.

आपल्या प्रांतात शाईचा उद्योग जुना आहे. दिगंबर परशुराम दांडेकर व त्यांचे बंधू यांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पूड व टिकड्या करण्यास प्रारंभ केला. पुढे ‘कॅम्लिन’ या नावाने सर्वपरिचित झालेला उद्योग तो हाच. अशा पुडीची वा टिकडीची शाई पूर्वी दौत-टाकासाठी सोयीची होती. झरणीत मात्र झरणीसाठी केलेली, गाळरहित शाईच भरावी.

४. भरणे व वापरणे

ड्रॉपरने भरावयाच्या झरणीत शाई आट्यांच्या किंचित खालपर्यंत भरावी. नळी जवळजवळ रिकामी होईपर्यंत लिहीत राहू नये. नळीत शाई थोडी व हवा पुष्कळ असली, म्हणजे हाताच्या उष्णतेने ती हवा प्रसरण पावते आणि शाईला बाहेर लोटते. वहीवर अचानक पडणारा मोठा डाग हा बहुधा असा पडतो. त्यासाठी मुलाला निष्काळजी ठरवून रागावण्यापूर्वी त्याच्या झरणीची नळी उघडून पाहावी. पुष्कळदा दोष मुलाचा नसून नळीतील हवेचा असतो.

ज्या झरणीत दट्ट्याची नळी असते, तिचे संपूर्ण निब शाईत बुडवून दट्ट्या सावकाश मागे घ्यावा व नंतर निब आणि मान फडक्याने पुसावी.

झरणी कागदाशी तिरपी धरावी. दाब देऊ नये. अक्षर उमटविण्याचे काम शाईचे आहे, बोटांचे नव्हे. बॉलपेनला सवकलेले मूल झरणी उभी धरते व जोराने दाबते. त्यामुळे निबाची दोन पाती फाकतात आणि शाईची वाट मोडते. लिहिणे थांबताच टोपण लावावे. प्रवासात झरणी खिशात निब वर करून ठेवावी.

५. धुण्याची रीत

नित्य वापरातील झरणी महिन्यातून एकदा धुवावी. लोहयुक्त शाई वापरीत असल्यास दर पंधरवड्यास धुवावी. दीर्घ सुटीपूर्वी ती रिकामी करून, धुऊन व वाळवूनच ठेवावी. उन्हाळ्याच्या सुटीत भरलेल्या झरणीतील पाणी उडून जाते व रंग तेवढा जिभेत वाळून बसतो. जूनमध्ये न चालणाऱ्या अनेक झरण्यांचे कारण मे महिन्यातच घडलेले असते.

(१) उरलेली शाई काढून टाकावी. ती पुन्हा बाटलीत ओतू नये.
(२) नळी व मान वेगळी करून साध्या थंड पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावी.
(३) शाई वाळली असल्यास निबासह मान वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवावी. अशा वेळी पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एखादा थेंब चालतो. मात्र नंतर तो पूर्णपणे निघून जावा.
(४) निब खाली करून झरणी मऊ फडक्यावर उभी ठेवावी व सावलीत वाळवावी.

उकळते पाणी वापरू नये. त्याने प्लॅस्टिक वाकते व एबोनाइटचा रंग उडतो. स्पिरिट वापरू नये. त्याने काही प्लॅस्टिकला तडे जातात. निब काढण्यासाठी पक्कड लावू नये. निबाची चीर ब्लेडने वा टाचणीने उकरू नये.

६. सामान्य दोष व उपाय

झरणी लिहीत नाही : जिभेत शाई वाळली आहे. रात्रभर भिजत ठेवावी. झटके देऊन भिंती व शेजाऱ्यांचे कपडे रंगवू नयेत.
शाई पुसट येते : चिरेत तंतू अडकला असल्यास धुवावी, शाई दाट झाली असल्यास ती बदलावी.
ठिपके पडतात : नळीत शाई कमी आहे किंवा मान सैल आहे. नळी भरावी, मान घट्ट करावी.
आट्यांतून शाई पाझरते : आटे पुसून त्यांवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा, जिभेला तो लागू देऊ नये.
निब कागद ओरखडते : पाती मागेपुढे झाली असतील. भिंगाने पाहावे व जाणकाराकडून सरळ करून घ्यावी. दगडावर घासू नये. निबाच्या टोकावरील कठीण धातूचा कण एकदा झिजला, की तो परत येत नाही.

७. वर्गपाठाची दिशा

हा विषय विज्ञान व कार्यानुभव या दोहोंना जोडणारा आहे. शिक्षकांनी दोन सारख्या काचा घेऊन त्यांच्या एका बाजूच्या कडा एकमेकींस चिकटवाव्यात, दुसऱ्या बाजूस मध्ये आगकाडी ठेवावी व रबराने बांधून रंगीत पाण्याच्या ताटलीत उभ्या कराव्यात. काचांच्या कडा धारदार असल्याने ही मांडणी स्वतः करावी. जेथे काचा जवळ, तेथे पाणी उंच चढलेले व जेथे अंतर अधिक, तेथे ते खाली राहिलेले दिसते. ही उतरती रेषा पाहिल्यावर ‘निबाची चीर टोकाकडे अरुंद का?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर बहुधा मुलेच देतील.

महिन्यातील एका शनिवारी अर्धा तास झरण्या धुण्यासाठी राखून ठेवावा. मोठ्या मुलांनी लहानांना रीत दाखवावी. ज्या मुलाकडे झरणी नाही, त्यालाही या कामात वाटा मिळेल, याची दक्षता घ्यावी. शाळेच्या दोन-तीन झरण्या त्यासाठी असाव्यात.

८. समारोप

बॉलपेन स्वस्त व सोयीचे आहे आणि त्याची शाई तैलयुक्त असल्याने पाण्याने सहसा पसरत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते संपले, की पुष्कळदा टाकून दिले जाते. त्यात काय बिघडले, हे पाहण्याची संधी मुलाला मिळत नाही. झरणी उघडता येते, तिचा दोष शोधता येतो व तो आपल्या हाताने दूर करता येतो. वस्तू अडली असता तिला आपटण्याऐवजी ती का अडली, हे पाहण्याची सवय लागणे, हे या छोट्या कामाचे मोठे फळ आहे. आणि ज्या शाळेत झरणी स्वच्छ असते, तेथील नोंदवहीत टिकाऊ शाईने लिहिणे शिक्षकास जड जात नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) नळीत शाई कमी असताना डाग पडण्याचा संभव अधिक का असतो?
(२) लोहयुक्त शाईचे अक्षर काही दिवसांनी अधिक काळे का दिसते?
(३) आपल्या शाळेत वापरल्या जाणाऱ्या शाईची पाणी व ऊन यांनी परीक्षा करून निष्कर्ष नोंदवा.
(४) आपल्या शाळेतील सर्वांत जुन्या नोंदवहीतील अक्षरांचे निरीक्षण करा. कोणती पाने फिकी झाली आहेत व त्याची संभाव्य कारणे कोणती?