अवखळ पिल्लू

कुत्र्याचे पिल्लू घरात आले की घराचे रूपच पालटून जाते. पहिले दोन दिवस ते कोपऱ्यात अंग चोरून बसते. मग त्याला नव्या जागेची ओळख पटते आणि त्याच्या लीलांना पूर येतो. वाळत घातलेल्या चादरीचे टोक ओढावे, दाराशी काढून ठेवलेली वहाण कुरतडावी, झाडूच्या मागे धावावे, असा त्याचा दिनक्रम सुरू होतो. सायंकाळी मुले शाळेतून परतली म्हणजे तर त्याच्या आनंदाला पारावार राहत नाही. ते अंगावर उड्या मारते, दप्तराचा पट्टा ओढते, बोटे तोंडात धरते, आणि कोणी ओरडले की दुप्पट वेगाने धावू लागते.

प्रारंभी साऱ्यांना याचे कौतुक वाटते. परंतु पिल्लू चार-पाच महिन्यांचे होते, त्याचे वजन वाढते, दात टोचू लागतात. एखाद्या दिवशी ते आजीच्या अंगावर उडी घेते आणि आजी पडता पडता वाचते. तेव्हा कौतुकाची जागा संताप घेतो. कोणी त्याच्यावर चप्पल उगारतो, कोणी त्याला दिवसभर खांबाला बांधून ठेवतो, आणि अखेर काही घरांतून त्याला पोत्यात घालून गावाबाहेर सोडून दिले जाते. ज्याचे काल लाड झाले, त्याला आज घर पारखे होते. यात अपराध कोणाचा, हे ठरविण्यापूर्वी पिल्लाचे मन समजून घेतले पाहिजे.

जन्मतः पिल्लू आंधळे व बहिरे असते. आईची ऊब आणि दुधाचा वास एवढेच त्याचे जग. दहा ते चौदा दिवसांनी त्याचे डोळे उघडतात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्याला आवाज कळू लागतात. त्याच सुमारास दुधाचे दात हिरड्यांतून डोकावू लागतात. हे दात एकंदर २८ असून सुईसारखे टोकदार असतात. चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या ठणकतात आणि काहीतरी चावीत बसावे असे पिल्लाला सारखे वाटते. वहाण कुरतडणारे पिल्लू खोडसाळ नसते. तान्ह्या मुलाने दात येताना हाती लागेल ते तोंडात घालावे, तसाच तो प्रकार होय.

पिल्लाची पहिली शाळा म्हणजे त्याची आई आणि भावंडे. भावंडांशी झोंबाझोंबी करताना एखाद्याने जोराने चावा घेतला, तर दुसरे केकाटते आणि खेळ सोडून निघून जाते. दूध पिताना दात लागले, तर आई उठून चालू लागते. अशा शेकडो प्रसंगांतून पिल्लू एक मोठा धडा शिकते, तो असा की दात जपून वापरावे, नाहीतर खेळ संपतो. हा धडा पुरा होण्यास वेळ लागतो. म्हणून पिल्लू निदान आठ आठवड्यांचे होईपर्यंत त्याला आईपासून तोडू नये, असे जाणकार सांगतात. परंतु पुष्कळदा पिल्लू महिन्याचे होण्यापूर्वीच हौसेने उचलून आणले जाते. त्याची शाळा अर्धवट राहते. मग उरलेला धडा शिकविण्याचे काम ज्यांनी त्याला आणले त्यांच्यावर येते.

अमेरिकेतील मेन या राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या पिल्लांचे अनेक वर्षे निरीक्षण केले आणि १९६५ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या आयुष्यात फार मोलाचा असतो, असे त्यांना आढळले. या काळात पिल्लाचा ज्यांच्याशी स्नेह जडतो, त्यांना ते पुढे आपले मानते. या काळात ज्याने माणसाचा प्रेमळ हात पाहिलाच नाही, त्याच्या मनातून माणसाची भीती काढणे पुढे अत्यंत कठीण जाते. यावरून पिल्लाला लहानपणी मिळालेल्या वागणुकीचे महत्त्व ध्यानात येईल.

पिल्लू शब्दांनी बोलत नाही, परंतु त्याचे सर्वांग बोलत असते. पुढचे पाय जमिनीला टेकवून त्याने मागचा भाग उंच केला, तर ते खेळाचे आमंत्रण असते. शेपटीबरोबर कंबरही सैलपणे हलत असेल, तर त्याला आनंद झाला आहे असे समजावे. परंतु हलणारी प्रत्येक शेपटी आनंदाचीच असते असे नाही. अंग ताठ आणि शेपूट उंच व ताठ असेल, तर त्याचे मन तणावात आहे. झोप आलेली नसता ते वारंवार जांभई देत असेल, ओठ चाटीत असेल, मान वळवून दूर पाहत असेल किंवा शेपूट पायांत घालीत असेल, तर ते घाबरलेले आहे आणि त्याला थोडा एकांत हवा आहे. हे न ओळखता त्याला कवटाळणे म्हणजे त्याला चावण्यास भाग पाडणे होय.

याखेरीज एक कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे थकवा. लहान पिल्लाला दिवसाच्या चोवीस तासांपैकी अठरा ते वीस तास झोप लागते. घरात सतत वर्दळ असेल, जो तो त्याला उचलून घेत असेल, तर ही झोप पुरी होत नाही. झोपेला आलेले मूल जसे निजण्याऐवजी किरकिर करते, तसे थकलेले पिल्लू शांत होण्याऐवजी अधिकच उधळते. ते घरभर चकरा मारते आणि दिसेल त्याला चावते. पाहणाऱ्याला वाटते की याची रग अजून जिरली नाही, याला आणखी पळवावे. वास्तविक त्या वेळी त्याला हवी असते ती काळोखी, निवांत जागा आणि झोप.

अशा वेळी माणसे बहुधा दोन चुका करतात. पहिली चूक आरडाओरडा करण्याची. पिल्लाला माणसाच्या शब्दांचा अर्थ कळत नाही, त्याला स्वर कळतो. घरातील सर्वजण ओरडू लागले, की तेही आपल्याबरोबर खेळात सामील झाले असे त्याला वाटते. हातांनी ढकलले तर ती त्याला झोंबाझोंबी वाटते, आणि पळ काढला तर पाठशिवणीचा खेळ. आग विझविण्यासाठी तेल ओतावे, तसा हा उपाय होतो. ज्या कृतीचे फळ सुखकारक मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो, हा नियम एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांजरांवर प्रयोग करून मांडला. उडी मारली की माणूस आपल्याकडे पाहतो, बोलतो, हात लावतो, हे पिल्लाच्या दृष्टीने सुखकारक फळच असते.

दुसरी चूक मारण्याची. महाभारताच्या आदिपर्वात या संबंधी एक मार्मिक कथा आहे. जनमेजय राजाचे सत्र चालू असता देवांची कुत्री सरमा हिचे पिल्लू तेथे आले. राजाच्या भावांनी त्याला मारले. ते रडत आईकडे गेले. तेव्हा सरमेने त्यालाच विचारले की, तू काही अपराध केला असशील. त्यावर ते म्हणाले की, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही आणि त्याला तोंडही लावले नाही. मग सरमा यज्ञमंडपात गेली आणि आपल्या निरपराध पुत्राला का मारले असे तिने विचारले. त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हा तुमच्यावर अकल्पित भय ओढवेल, असे तिने बजावले आणि राजाचे चित्त व्याकुळ झाले. कथेतील ‘अकल्पित भय’ घरोघरी आजही अनुभवास येते. मार खाल्लेल्या पिल्लाला आपण काय चुकलो हे उमगत नाही. उगारलेला हात तेवढा त्याच्या स्मरणात राहतो. पुढे मोठेपणी कोणी प्रेमाने हात पुढे केला, तरी ते भयाने त्याच हाताला चावते.

तर मग पिल्लाला शांत कसे करावे? त्यासाठी आधी माणसाने शांत व्हावे लागते. पिल्लू अंगावर उडी मारू लागले की झाडासारखे निश्चल उभे राहावे. हात छातीशी घ्यावे, त्याच्याकडे पाहू नये, एक शब्दही बोलू नये. खेळाला प्रतिसाद मिळत नाही असे पाहून ते क्षणभर थांबते. त्याचे चारही पाय जमिनीवर टेकले, की त्याच क्षणी हळू आवाजात त्याची प्रशंसा करावी आणि छातीवरून संथपणे हात फिरवावा. पुन्हा उडी मारली तर पुन्हा निश्चल व्हावे. प्रारंभीचे काही दिवस पिल्लू पूर्वीपेक्षा अधिक उड्या मारते, कारण जुना उपाय आज का चालत नाही हे त्याला कळत नाही. येथेच पुष्कळांचा धीर सुटतो. परंतु जो टिकून राहतो, त्याला लवकरच फळ दिसू लागते.

दात लागले तर हात झटक्याने ओढू नये. पळणारी वस्तू पकडण्याची पिल्लाला उपजत ओढ असते. हात सैल सोडावा, खेळ तेथेच थांबवावा आणि चावण्यास योग्य वस्तू, उदाहरणार्थ जुन्या सुती कापडाची घट्ट गाठ, त्याच्यापुढे धरावी. जेवण, फिरणे व झोप यांच्या वेळा ठरवून द्याव्या. भाकरीचे बारीक तुकडे अंगणात पसरून ते हुंगत शोधू द्यावे. हुंगण्याच्या कामात त्याची बुद्धी गुंतते आणि मन स्थिर होते. निजण्यासाठी घरातील एक कोपरा त्याचा म्हणून राखावा, आणि तेथे गेलेल्या पिल्लाला कोणीही डिवचू नये.

या सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे घरातील सर्वांचे एकमत. दादाने उडी मारली म्हणून कुरवाळावे आणि ताईने त्याच उडीसाठी रागवावे, असे झाले तर पिल्लाने कोणता धडा शिकावा?

पिल्लाविषयी माया असली तरी सावधगिरी सोडू नये. खेळताना दात किंवा नख लागून ओरखडा उठला, तरी ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, घरातील मोठ्या माणसांना त्वरित सांगावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जखमेवर चुना, हळद किंवा मिरची लावू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. परंतु वेळीच लस घेतल्यास हा रोग टाळता येतो. लुई पाश्चर यांनी तयार केलेली लस १८८५ साली प्रथम माणसाला टोचण्यात आली. पिल्लालाही पशुवैद्याच्या सल्ल्याने सर्व लसी वेळेवर द्याव्या.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, अशी म्हण आहे. शेपूट वाकडे राहत असेल, परंतु स्वभावाला वळण लावता येते. मुंबई पोलिसांच्या पथकातील ‘जंजीर’ या कुत्र्याने १९९३ साली शहर बाँबस्फोटांनी हादरले असता दडवलेली स्फोटके हुंगून शोधून काढली. गर्दी आणि गोंधळ यांत चित्त ढळू न देता काम करणारा असा कुत्राही एके काळी वहाणा कुरतडणारे पिल्लूच असतो.

जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक प्राचीन दफनस्थान सापडले. तेथे सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वी एक पुरुष आणि एक स्त्री यांच्याबरोबर एका कुत्र्यालाही पुरले होते. त्याच्या दातांचा अभ्यास करून २०१८ साली संशोधकांनी असे मत मांडले की, ते जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू होते, त्याला अनेक आठवडे गंभीर आजार होता, आणि माणसांनी शुश्रूषा केल्यावाचून ते तितके दिवस जगले नसते. त्या माणसांकडे औषधे नव्हती आणि त्या आजारी पिल्लाचा त्यांना काही उपयोगही नव्हता. तरी त्यांनी त्याला टाकले नाही. आजची माणसे जे पिल्लू आवरत नाही म्हणून गावाबाहेर सोडतात, तेही बहुधा याच वयाचे असते. त्याला आवरण्यासाठी लागते ती केवळ थोड्या महिन्यांची सबुरी. पिल्लाला संयम शिकविताना माणसालाही तो शिकावा लागतो, आणि हा काही लहान लाभ नव्हे.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात लिहा.
(अ) पिल्लाचे डोळे जन्मानंतर किती दिवसांनी उघडतात?
(आ) पिल्लाला दिवसातून किती तास झोप लागते?
२. ‘पिल्लाची पहिली शाळा म्हणजे त्याची आई आणि भावंडे’ हे विधान स्पष्ट करा.
३. सरमेच्या कथेतील ‘अकल्पित भय’ आजच्या घरांत कोणत्या रूपाने दिसते?
४. पुढील वाक्प्रचार वाक्यांत वापरा : अंग चोरणे, पारावार न राहणे, आगीत तेल ओतणे, धीर सुटणे.
५. एखाद्या कुत्र्याचे दहा मिनिटे दुरून निरीक्षण करा आणि त्याच्या शेपटीच्या, कानांच्या व अंगाच्या हालचालींवरून त्याच्या मनःस्थितीचे वर्णन लिहा.