हायब्रिड गाडीची बॅटरी बदलल्यावर दिवे का पेटतात?

अमरावती-अकोल्याकडील आमच्या व्यापारी बंधूंच्या दारात आता जुन्या हायब्रिड गाड्या दिसू लागल्या आहेत. मुंबई-पुण्याचा मालक काही वर्षे वापरून गाडी विकतो, ती इकडे नव्याच्या मानाने बऱ्याच कमी दामात मिळते आणि पेट्रोलही वाचते. सौदा वाईट नाही. पण एके दिवशी बॅटरी बसते, वर्कशॉपचा आकडा ऐकून मालकाचा धीर सुटतो आणि तो मोहल्ल्यातील मिस्त्रीला बोलावून अंगणातच बॅटरी बदलून टाकतो. बॅटरी नवी, गाडीही चालते. डॅशबोर्डवर मात्र लग्नघरासारखी रोषणाई! यांपैकी कोणता दिवा आपोआप विझतो आणि कोणता नुसता विझवून चालत नाही, हे मालकाला आणि मिस्त्रीला दोघांनाही ठाऊक पाहिजे, कारण यात पैशाचाच नव्हे तर जिवाचाही प्रश्न आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे की अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक आपल्या ओळखीची १२ व्होल्टची. दुसरी मोठी, जी चाके फिरवणाऱ्या मोटरला वीज देते. टोयोटाची प्रियस १९९७ साली जपानात निघाली आणि २०१० मध्ये भारतात विक्रीस आली. तिची मोठी बॅटरी २०१.६ व्होल्टची आहे. ७.२ व्होल्टचे २८ तुकडे एकापुढे एक जोडून ती बनते. २०१३ पासून कर्नाटकातील बिडदी येथे तयार झालेली कॅमरी हायब्रिड आणि २०२२ मध्ये आलेल्या हायरायडर, ग्रँड व्हिटारा, होंडा सिटी व इनोव्हा हायक्रॉस यांच्या हायब्रिड गाड्या याच जातीच्या. मारुतीने २०१५ मध्ये सियाझला जी 'एसएचव्हीएस' पाटी लावली ती गोष्ट वेगळी. तिच्यात मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते आणि सारा कारभार १२ व्होल्टवर चालतो. तेव्हा आपली गाडी कोणत्या जातीची आहे हे पाहिल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

लहान बॅटरीचे दिवे

लहान बॅटरीला लोक क्षुल्लक समजतात. वास्तविक पक्क्या हायब्रिडमध्ये तिचे काम गाडीतील सगळे संगणक जागे करणे आणि मोठ्या बॅटरीचा रस्ता उघडणारे रिले ओढणे हे आहे. ती अशक्त झाली की संगणकांना पुरती वीज मिळत नाही. मग ब्रेक, स्टिअरिंग, हायब्रिड असे चार-पाच दिवे एकदम लागतात आणि मालक समजतो की मोठी बॅटरी गेली. लाखाच्या खर्चाची चर्चा सुरू होण्यापूर्वी मीटर लावून लहान बॅटरी मोजावी. गाडी उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविले तर ती भरलेली आहे. १२ च्या खाली असेल तर आधी तिचाच इलाज करावा.

ती बदलताना काळी तार आधी सोडावी व शेवटी जोडावी. नव्या बॅटरीचा नंबर नीट वाचावा. ४६बी२४आर आणि ४६बी२४एल या दोन बॅटऱ्या अंगाने सारख्याच. शेवटचे अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला ते सांगते. उलटी बॅटरी ओढूनताणून बसविली आणि तारा उलट लागल्या तर फ्यूजवर भागत नाही, मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट बनविणारे यंत्रही जळू शकते. प्रियसमध्ये ही बॅटरी मागच्या डिक्कीत असते व तिचा वायू नळीने बाहेर काढलेला असतो. तेथे नळी नसलेली साधी बॅटरी टाकणे म्हणजे बंद डिक्कीत हायड्रोजन कोंडणे होय.

तारा सोडल्यामुळे पुष्कळ गाड्या स्टिअरिंगचा मध्य कोठे आहे तेच विसरतात. म्हणून घसरण रोखणारा आणि स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागतो. यात घाबरण्याचे काही नाही. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून गाडी सरळ रस्त्यावर थोडी चालविली की बहुतेक वेळा तो विझतो. सरळ रस्ता तर आपल्याकडे आहेच! लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीजमध्ये नाव लागले. काचांचा 'ऑटो' आणि घड्याळ मात्र पुन्हा शिकवावे लागते. यानंतरही दिवा राहिला तर काळ्या टर्मिनलवरचा सेन्सर व त्याचा प्लग पाहावा. घाईत तोच सैल राहतो.

मोठ्या बॅटरीचे दिवे

येथे आमचे पहिले म्हणणे असे की, ज्याने हे काम उस्तादाजवळ बसून शिकलेले नाही त्याने ते करू नये. आपल्या मिस्त्री बंधूंना १२ व्होल्टची टर्मिनले उघड्या हाताने धरायची सवय असते. हीच सवय २०० व्होल्टच्या डायरेक्ट करंटवर माणसाचा जीव घेते. नारिंगी तार म्हणजे उच्च दाब, ही खूण शागीर्दांना पहिल्याच दिवशी शिकवावी. लहान बॅटरी सोडावी, मग नारिंगी सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवावा, म्हणजे दुसरा कोणी तो चुकून बसविणार नाही. कपॅसिटरमधील वीज उतरायला निदान १० मिनिटे थांबावे, मीटरने खात्री करावी आणि १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालूनच आत हात घालावा. मोज्यात फुंकर भरून भोक नाही हे पाहावे. हे काम एकट्याने करू नये.

बॅटरी बसली आणि गाडी 'रेडी'च होत नाही, लाल त्रिकोण पेटला, तर पुष्कळदा कारण फार साधे निघते. टोयोटाच्या अनेक गाड्यांत तो नारिंगी प्लग दोन टप्प्यांत बसतो: आधी दांडी उचलून आत, मग खाली सरकवून पक्की. दुसरा टप्पा राहिला की संगणक पी०ए०डी हा कोड लिहितो आणि गाडी जागची हलत नाही. डॅशबोर्डच्या खालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला की हे कोड वाचता येतात, म्हणून दिवा पाहून अंदाज बांधण्यापेक्षा कोड वाचावा. पी०एए६ आला तर उच्च दाबाची वीज कोठेतरी गाडीच्या लोखंडात झिरपते आहे. गाडी तेथेच उभी करून जाणत्याला बोलवावे, येथे धाडस नको. पी०ए८० म्हणजे बॅटरीच्या कप्प्यांत समतोल राहिलेला नाही.

हा शेवटचा कोड नव्या बॅटरीवरही येतो तेव्हा मालक दुकानदाराशी भांडतो. दुकानदाराने जुन्या तुकड्यांतील एक-दोनच बदलून 'नवी' म्हणून दिली असेल तर भांडण रास्तच आहे. म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला तरणा बैल जुंपला तर तास सरळ निघत नाही. कापडाच्या भाषेत बोलायचे तर विटलेल्या थानाला रफू करून उपयोग नाही, शेजारचा धागा उद्या तुटतो. परंतु तुकडे जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज असला किंवा त्यांचे नट कमी-जास्त आवळले असले तरी संगणकाला विजेचे माप चुकीचे मिळते. म्हणून पट्ट्या साफ कराव्यात आणि नट पुस्तिकेतील मापाने टॉर्क पान्यानेच आवळावेत.

आणखी एक कारण खास आपल्या वऱ्हाडचे व आपल्या धंद्याचे आहे. प्रियस, कॅमरी यांची मोठी बॅटरी मागच्या सीटपाठी असते आणि पंखा तिच्यासाठी गाडीच्या आतलीच हवा सीटजवळच्या जाळीतून ओढतो. आम्ही कापडवाले त्याच सीटवर गठ्ठे रचतो! जाळी झाकली जाते, कपड्याचा रोवा आणि जिनिंगवाल्यांच्या गाडीत कापसाचा तंतू पंख्यात जाऊन बसतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना गुदमरलेली बॅटरी किती दिवस टिकणार? पंखा अडकल्याचा कोड पी०ए८२. नवी बॅटरी टाकताना पंखा व जाळी साफ केली नाही, किंवा काढलेली हवेची नळी परत लावली नाही, तर नवीही जुनीच्या वाटेने जाते. हे काम ब्रशचे आहे, लाखाचे नाही.

आता एका दुखऱ्या गोष्टीकडे वळू. स्कॅनरचे एक बटण दाबले की दिवे विझतात, आणि काही लोक ते विझवून त्याच दिवशी गाडी विकतात. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतून ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही म्हणून विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपल्या मदरशातले मूलही सांगेल. विझविलेला दिवा म्हणजे तीच आतली ओल आहे. मिस्त्रीने अशा कामाची मजुरी घेऊ नये, कारण ती रोजी साफ नाही. घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत: कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हे बहुतेक गाड्या स्कॅनरला सांगतात. आकडा दहा-वीस निघाला तर बयाणा देऊ नये. आधी गाडी चढावावर आणि भर दुपारी एसी लावून चालवावी, मग पुन्हा कोड वाचावा.

२०२२ नंतरची गाडी असेल तर खर्चात पडण्याआधी कागद काढावेत. टोयोटाने आपल्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी हमी दिलेली आहे. परक्या हाताने बॅटरी उघडली की कंपनी हमी नाकारायला कारण शोधते. उतरविलेली बॅटरी कबाड्याकडे वजनावर घालू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती अशा बॅटऱ्या गोळा करणाऱ्या किंवा त्यांवर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या संस्थेलाच द्यायची आहे. आपल्या कबाडी बंधूंनीही मोठ्या बॅटरीवर छिन्नी-हातोडा चालवू नये, कारण गाडीतून निघाल्यावरही तिच्यात वीज शिल्लक असते.