छोट्या मैदानाची निवड



फ्लॉरिडाच्या मध्यभागी ‘द व्हिलेजेस’ ही पंचावन्न वर्षांपुढच्यांसाठी वसवलेली अवाढव्य वसाहत आहे. तेथे गोल्फची पन्नासहून अधिक मैदाने आहेत. त्यांतील बहुसंख्य नऊ होलची, आखूड असून त्यांना ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हणतात. या मैदानांवर बहुतेक होल पार-3 चे असतात, अधूनमधून एखादा पार-4 येतो. रहिवासी दरमहा जे सुविधाशुल्क भरतात त्यातच या मैदानांचा खेळ येतो. स्वतःची कार्ट मैदानावर न्यायची असेल तर तेवढे वेगळे शुल्क द्यावे लागते. लांब, ‘चॅम्पियनशिप’ मैदानांवर मात्र प्रत्येक खेपेला पैसे मोजावे लागतात. दर फेरीला पैसे द्यावे लागत नसल्याने नवा रहिवासी घराजवळचे, त्या दिवशी मोकळे असलेले कोणतेही मैदान धरतो. निवडीत पहिली चूक होते ती इथेच.

निवडीची सुरुवात स्वतःच्या फटक्यापासून व्हावी. पार-3 याचा अर्थ असा की चेंडू पहिल्या फटक्यात ग्रीनवर जावा आणि पुढच्या दोन पटमध्ये (ग्रीनवरच्या हलक्या फटक्यांत) होलमध्ये पडावा. ज्याचा सर्वांत चांगला सरळ फटका 140 यार्ड जातो, त्याला 170 यार्डांचा पार-3 कधीच एका फटक्यात गाठता येणार नाही. तो कितीही मन लावून खेळला तरी त्या होलवर तो पहिल्यापासून मागेच असतो. अमेरिकेतील गोल्फच्या दोन मोठ्या संस्थांनी, यूएसजीए आणि पीजीए ऑफ अमेरिका यांनी, 2011 मध्ये ‘टी इट फॉरवर्ड’ (पुढच्या टीवरून, म्हणजे ग्रीनला जवळच्या आरंभजागेवरून, खेळा) नावाची मोहीम काढली ती याच कारणासाठी. त्यांच्या कोष्टकानुसार ज्याचा ड्रायव्हरचा फटका 200 यार्ड जातो त्याने अठरा होलसाठी 5,200 ते 5,400 यार्डांचे मैदान घ्यावे. 150 यार्ड जाणाऱ्याने 3,500 ते 3,700 चे. म्हणजे दुसऱ्या खेळाडूसाठी नऊ होल साधारण 1,800 यार्डांत बसायला हवेत. साठी-सत्तरीतल्या पुष्कळांची ताकद याच मापाची असते. पुढच्या टीवरून खेळण्यात कमीपणा मानणारे वर्षानुवर्षे चुकीच्या लांबीशी झगडत राहतात, आणि खेळ सोडणाऱ्यांत त्यांची भर पडते, हे फार दुःखाचे आहे.

तरीही एकूण लांबीचा आकडा पुरेसा नाही. समजा, दोन मैदाने आहेत, दोन्ही 1,400 यार्डांची. एकावरचे नऊही होल 140 ते 170 यार्डांचे आहेत. दुसऱ्यावर 280 यार्डांचे दोन पार-4 आणि बाकीचे सात 90 ते 150 च्या दरम्यान. पहिल्यावर लांब फटका नसलेला माणूस होलमागून होल अपुरा पडतो. दुसऱ्यावर त्याला आखूड आयर्न आणि वेज वापरायला मिळतात, आणि दोनदा ड्रायव्हरही काढता येतो. म्हणून स्कोअरकार्ड मागवून होलवार आकडे वाचावेत. कार्डावर दिसत नाही ते आधी मैदान पाहून हेरावे: टी आणि ग्रीनच्या मध्ये तळे आहे का, असल्यास बाजूने जायला वाट ठेवली आहे का, बंकर ग्रीनच्या तोंडाशी आहे की कडेला.

क्रिकेट खेळत वाढलेल्यांच्या बाबतीत ग्रीनच्या तोंडाचा हा मोकळेपणा फार महत्त्वाचा. महाराष्ट्रातून अमेरिकेत गेलेल्या पहिल्या पिढीतील बरेच जण गोल्फ उतारवयात शिकतात. बॅटची सवय खालच्या हाताने चेंडू उचलायला लावते. गोल्फमध्ये चेंडू वर नेण्याचे काम क्लबच्या कलत्या पात्याचे असते. आयर्नने चेंडूवर किंचित उतरता घाव घालायचा असतो. उचलायला गेले की पाते चेंडूच्या डोक्यावर बसते आणि चेंडू सरपटत जातो. समोर गवत असेल तर तो सरपटतही ग्रीनजवळ पोहोचतो; समोर पाणी असेल तर चेंडूही गेला आणि एक फटकाही वाढला. पहिले सहा महिने पाण्याची मैदाने टाळणे हा शहाणपणाच आहे. पाण्याच्या काठावरून चेंडू काढायला वाकू नये, हेही इथेच सांगायला हवे. फ्लॉरिडाच्या तळ्यांत मगरीच्या जातीचे ॲलिगेटर असतात.

ऋतूचा विचार वेगळा करावा लागतो. हिवाळ्यात उत्तरेकडील थंड राज्यांतून माणसे उतरतात, सकाळच्या वेळा मिळेनाशा होतात. तेव्हा आवडत्या मैदानाचा हट्ट सोडून दोन-तीन पर्याय मनात ठेवावेत. जून ते सप्टेंबर दुपारी गडगडाटी वादळे नित्याची. विजेचा आवाज येताच मैदान सोडावे, झाडाखाली थांबू नये. याच काळात देखभालीसाठी मैदाने आळीपाळीने बंद राहतात, ग्रीनना भोके पाडून वाळू भरली जाते, आणि त्यानंतर काही दिवस पटिंगवरून स्वतःची परीक्षा करण्यात अर्थ नसतो.

आखूड मैदानावरचा खेळ हिशेबात धरला जात नाही, ही समजूत आता जुनी झाली आहे. 2020 मध्ये लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप (खेळाडूची पातळी मोजण्याच्या) पद्धतीत 2024 साली बदल झाला आणि अठरा होलसाठी किमान लांबीची अट 3,000 वरून 1,500 यार्डांवर आली, नऊ होलसाठी 750 वर. मैदानाचे अधिकृत रेटिंग झालेले असेल तर तेथील गुण हँडिकॅपसाठी धरले जातात. नियमितपणे खेळणाऱ्याने निवडीपूर्वी हे रेटिंग आहे का, ते विचारून घ्यावे.

मैदान बदलण्याची वेळ कार्डावरच कळते. नऊपैकी पाच-सहा ग्रीन पहिल्या फटक्यात मिळू लागले आणि हे सलग काही आठवडे टिकले, तर त्याच मैदानावर मागच्या टीवर जावे, मग अधिक लांब मैदान घ्यावे. गुडघ्याच्या किंवा पाठीच्या दुखण्यानंतर परतताना हाच क्रम उलटा: आधी पिच-अँड-पट (अगदी आखूड होलचे मैदान), मग पुढची टी, आणि चालणे जमेपर्यंत कार्ट.