अनोळखी फुलाची ओळख

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस व मुलांस उपयोगी पडावा म्हणून हा लहानसा पाठ देत आहों.

पावसाळ्यांत अंबरनाथ, बदलापूर व मलंगगडाच्या पायथ्याकडील गांवांत कुंपणांवर ज्वाळेसारखें एक फूल दिसतें. तें कोणतें, हें ठरवितांना केवळ रंगावर जाऊं नये. उमलतांना तें हिरवट असतें, मग पिवळें व शेवटीं तांबडें होतें. रंग पालटतो, घडण पालटत नाहीं. यास्तव पुढील क्रमानें पाहावें.

१. पाकळ्या : मोजल्यास सहा भरतात. कडा नागमोडी असतात. फूल मान खालीं घालतें, पण पाकळ्या उलट वर वळतात.

२. केसर : सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांप्रमाणें पसरलेले असतात. स्त्रीकेसराची दांडी बुडापाशींच काटकोनांत वांकलेली असते. बीजकोशास तीन कप्पे असतात. तीन व तिनाची पट ही एकदल वनस्पतींची खूण होय.

३. पान : शिरा समांतर असतात. पानाचें टोंकच वेटोळें होऊन आधारास धरतें. असें पान विरळाच.

४. कंद : नांगरासारखा वांकडा असतो, म्हणून संस्कृतांत हिला लांगली म्हणतात.

या सर्व खुणा जुळल्या म्हणजे ती कळलावी. स्वीडन देशांतील पंडित लिनीअस यांनीं १७५३ सालीं हिला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ असें नांव दिलें. तेहि पुंकेसर मोजूनच वनस्पतींचे वर्ग पाडीत.

आतां मुख्य गोष्ट. हिच्या सर्वांगांत, विशेषेंकरून कंदांत व बियांत, कोल्चिसिन नांवाचें विष आहे. रानकंद समजून कोणी खाल्ल्यास कांहीं तासांनीं ओकाऱ्या व जुलाब होतात, आणि पुढें प्राणावर बेततें. प्रसूतीच्या कळा याव्या म्हणून हा कंद योजण्याची जुनी चाल होती. त्यावरूनच हें नांव पडलें असें सांगतात. ती चाल घातक आहे; कोणत्याहि बाईस तो देऊं नये. कोणाच्या पोटांत गेलाच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडितां त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें, व वेलीचा तुकडा सोबत दाखवावयास न्यावा.

प्रभूनें आपणांस रानांतील फुलांकडे पाहावयास सांगितलें (मत्तय ६:२८). त्यानेंच बाह्य वेषावर न भुलतां पारख करावयासहि शिकविलें (मत्तय ७:१५-२०). दोन्ही आज्ञा पाळणारा डोळा आपल्या मुलांस द्यावा.

प्रश्न : (१) रंगावरून ओळख कां पटत नाहीं? (२) कळलावीच्या पानाची विशेष खूण कोणती? (३) कंद कोणी खाल्ल्यास प्रथम काय करावें?