मुलांची बैठक

गावात कुठे कुठे पेटी-तबल्याचा वर्ग असतो. पोरे संध्याकाळी जातात, सा रे ग म घोकतात. आईबाप फी भरतात. पण आपले पोर गाते कसे, हे पुष्कळांनी कधी नीट ऐकलेलेच नसते. वर्षातून एकदा गॅदरिंगमध्ये ऐकायचे, तेही कर्ण्यातून. आम्ही म्हणतो, महिन्यातून एक दिवस तुमच्याच ओसरीवर मुलांची बैठक करा.

तुम्ही म्हणाल, वर्ग आहे, मास्तर आहेत, मग बैठक कशाला? ऐका.

पूर्वी गाणे शिकायचे तर गुरूच्या घरी राहावे लागे. विष्णु दिगंबर पलुस्कर हे कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने त्यांचे डोळे अधू झाले. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले. पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. फी भरून, वर्गात बसून कोणालाही गाणे शिकता येऊ लागले. हे फार मोठे काम झाले. पण गुरूच्या घरची एक गोष्ट वर्गात येत नाही. तिथे शिष्य गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसे. गुरूने खूण केली की चार माणसांसमोर तोंड उघडी. अशी त्याची भीड मोडे. आता ती ओसरीवर मोडायची.

बैठकीला फार काही लागत नाही. एक सतरंजी, पेटी, तबला आणि पंधरा-वीस माणसे. कर्णा नको. हारतुरे नकोत. बक्षीस तर मुळीच नको. बक्षीस आले की पोरांपेक्षा आईबापच भांडतात. सर्वांत लहान पोर आधी गाऊ द्या, नाही तर ते पेंगते. एकेकाला पाच-सात मिनिटे पुरेत.

पट्टीकडे मात्र लक्ष द्या. आपल्या भजनात गडीमाणसे बहुधा काळी एकच्या आसपास गातात. मुलींना ती पट्टी फार खाली पडते. त्यांना काळी चार, काळी पाच सोयीची. तबला बदलायला नको. काळी चारचा मध्यम म्हणजेच काळी एक. भजनाचा तबला मध्यमात लागला म्हणून समजा. पेटीही हळू वाजवा. पोराचा आवाज तिच्याखाली बुडू नये. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असेल, तर त्याला वर चढायला लावू नका. त्याच्या हाती टाळ द्या.

आता तालाचे. तीनतालाच्या १६ मात्रा. पहिली मात्रा म्हणजे सम. पोराची सम चुकली तर तबलजीने ठेका सोडू नये. तसाच चालू ठेवावा. पोर क्षणभर थांबते, ऐकते आणि पुढच्या समेवर येते. हे घरी घोकून येत नाही, माणसांत बसूनच येते. ऐकणाऱ्यांनी हाताने ताल धरावा. त्या वेळी चूक सांगायला जाऊ नये.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. आम्ही शाळेत हेडमास्तर असतानाची गोष्ट. पाचवीतली एक मुलगी भूप गात होती. भूपात पाचच सूर, सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद त्यात नाहीत. तिने मध्यम लावला. आमच्या अंगात हेडमास्तर बसलेला! आम्ही सगळ्यांदेखत म्हणालो, “थांब, चुकलीस. पहिल्यापासून म्हण.” पोरे हसली. तिने पदर नव्हता म्हणून फ्रॉकचे टोक तोंडात धरले आणि खाली बसली. पुन्हा ती कधी गायला आली नाही. काही दिवसांनी आम्ही तिच्या घरी गेलो. तिची आजी म्हणाली, “गुरुजी, चुलीपाशी गुणगुणते की! पण माणूस आलं की गप.” आम्ही तिची समजूत घातली, आमचे चुकले म्हणालो. ती नुसती हसली. एक मध्यम लागला असता तर काय बिघडले असते? दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वर्गात सांगितले असते.

म्हणून आमच्या ओसरीवर आता एक नियम आहे. गाणे संपेपर्यंत कोणी बोलायचे नाही. मोबाईल समोर धरायचा नाही; पोर आपल्याकडे न बघता त्याच्याकडेच बघते. संपले की पुढचे पोर. मग शेवटी मुरमुरे-शेंगदाणे आणि चहा. तेवढ्यात मास्तर ज्याला सांगायचे त्याला बाजूला घेऊन सांगतात.

पावसाळ्यात बैठक असेल तर तबला आधीच घरात आणून ठेवा. ओल लागली की पुडी उतरते. मग ठोकता ठोकता अर्धा तास जातो आणि धाकटी पोरे झोपून जातात.