पहिल्या कॉलला किती?

वाकोल्यात दत्तमंदिर रोडला आमचं घर. ३० वर्षं दुसऱ्यांचे पगार काढून निवृत्त झालो, तेव्हा व्याजाचा हिशेब मला कुणी शिकवू नये, असा ताठा होता. तो ६,००० रुपयांना उतरला.

एका कंपनीचे १,००० रुपये दर्शनी किमतीचे १०० रोखे मी बाजारातून १,०६० रुपयांनी घेतले. वर्षाला १० टक्के व्याज, मुदत ८ वर्षं. दलाल म्हणाला, "काका, जवळजवळ साडेनऊ पडतात." खोटं नव्हतं, १०० ला १,०६० ने भागलं की ९.४३ येतात. पण मुदतीअखेर हातात हजारच पडणार, वरचे ६० गेले, हे त्यात धरलेलंच नसतं. ते धरलं की ८.९२ टक्के. हाच वायटीएम, म्हणजे मुदतीअखेरपर्यंतचा परतावा. एवढं मी स्वतः मांडलं आणि स्वतःवरच खूश झालो.

माहितीपत्रकात आत कुठेतरी कॉल ऑप्शन होता: २ वर्षांनी कंपनी दर्शनी किंमत देऊन रोखे परत घेऊ शकते. व्याजदर उतरले, कंपनीला स्वस्त कर्ज मिळालं, तिने आमचे पैसे चुकते केले. ६० रुपयांचा खड्डा ८ वर्षांत बुजायचा, तो दोनच वर्षांच्या व्याजातून बुजवावा लागला. परतावा ६.७ टक्के. कोपऱ्यावरची बँक साध्या ठेवीला ७ देत होती.

म्हणून महाग रोखा घेताना प्रत्येक कॉल तारखेचा परतावा काढायला लावा आणि सर्वांत लहान आकडाच आपला धरा. दलाल 'कंपनी कॉल करणार नाही हो' म्हणाला, तर तसं लिहून मागा. मिळणार नाही.

स्वस्तात घेतलेल्या रोख्यात उलटं होतं, कॉलचा आकडा मोठा दिसतो. त्यावरही भाळू नका. सरदार सरोवर नर्मदा निगमने १९९३ मध्ये ३,६०० रुपयांना रोखे विकले. २० वर्षांनी १,११,००० मिळायचे होते. गुजरात सरकारने २००८ मध्ये खास कायदा केला आणि २००९ मध्ये ५०,००० देऊन ते मोडले. गंमत अशी, की १५ वर्षांचा परतावा १९.२ टक्के, पूर्ण मुदतीचा १८.७. कागदावर लोक फायद्यातच! पण त्या ५०,००० चे ५ वर्षांत १,११,००० करायला १७.३ टक्क्यांची ठेव हवी. २००९ मध्ये ती कोण देणार होतं?

माझे लाख रुपये आता कोपऱ्यावरच्या बँकेत आहेत. पावती मी दोनदा उलटसुलट वाचली. मागची बाजूसुद्धा.