पहिला क्रमांक कशाचा?

एव्हरशाईन सिटीतील आमच्या शेजारची एक मुलगी विद्यापीठांच्या क्रमवारीचा कागद घेऊन मजकडे आली. वडिलांची ऐपत बेताची. निवड चुकली तर वर्ष वाया जावयाचे.

"गुरुजी, वरचा क्रमांक तेच उत्तम ना?"

"आधी गुण कशाचे, ते पाहू," मी म्हटले.

केंद्र सरकारची ही क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते. १०० पैकी ३० गुण अध्यापन व साधनांना, ३० संशोधनाला, २० पदवीच्या निकालांना, १० सर्वसमावेशकतेला आणि १० तर नुसत्या लौकिकाला! शिवाय जी संस्था आपली माहितीच पाठवीत नाही, तिचे नाव यादीत येत नाही.

मुलीला शिकावयाचे होते वनस्पतिशास्त्र. क्रमांक मात्र सबंध विद्यापीठाचा. त्या एका विभागात अध्यापक किती, प्रयोगशाळा कशी, हे त्यावरून कसे कळावे? वसई रोडहून लोकलच्या गर्दीत रोज जाण्यायेण्याचा शीणही त्यात कोणी मोजला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांसह प्रयोगशाळा पाहावयास निघाली. कागद माझ्या मेजावरच राहिला.